बिलव्हेड हडळ नाही

अमेरिकी लेखिका टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ (१९८७) या कादंबरीची ओळख अनेकदा अशी करून दिली जाते: ही हडळीची गोष्ट आहे. पाण्यातून बिलव्हेड नावाची एक तरुणी येते, घरातल्या पुरुषाला नादी लावते, बाईला आतून पोखरते आणि शेवटी गावच्या बायका तिला मंतरून हाकलतात. हे सगळं पुस्तकात सापडतं, म्हणून ते पटतंही. पण नीट वाचलं तर एकेक गोष्ट हातातून निसटते.

आधी हडळ. बाळंतपणात गेलेली, वासना अडकलेली बाई हडळ होते, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. बिलव्हेड मेली तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. केंटकीतल्या गुलामीतून पळून सिनसिनाटीला आलेल्या तिच्या आईला, सेथला स्वातंत्र्याचे जेमतेम २८ दिवस मिळाले. मालक पोरांना परत न्यायला दारात आला, तेव्हा तिने करवतीने या लेकीचा गळा चिरला. (जानेवारी १८५६ मध्ये गोठलेली ओहायो नदी ओलांडून आलेल्या मार्गारेट गार्नर या गुलाम बाईने खरोखरच पोटच्या मुलीला असं मारलं होतं.) १८७३ साली परतलेली ही मुलगी दिसते विशीची, पण तिच्या हाताच्या पेरांवर एक रेघ नाही, मान सावरत नाही, पाणी पिता पिता थकत नाही, सतत गोड मागते. तिला पाहताच सेथला लघवी आवरेनाशी होते, थांबतच नाही. धाकट्या लेकीच्या, डेन्व्हरच्या वेळी पाणमोट फुटली होती ते तिला आठवतं. मोहिनीच्या आगमनाचं वर्णन असं कोण करतं? हा जन्म आहे.

आता नादी लावणं. आरोप याच जागेवर सगळ्यात घट्ट बसतो, म्हणून इथे थांबायला हवं. सेथबरोबर राहणारा, पूर्वी तिच्याच मळ्यावर गुलाम असलेला पॉल डी सेथच्या बिछान्यातून आधी आरामखुर्चीत, मग डेन्व्हरच्या आजीच्या खोलीत, मग कोठीत आणि शेवटी अंगणातल्या थंड खोलीत झोपायला जातो. का, ते त्यालाही कळत नाही. तिथे बिलव्हेड येते आणि दोन गोष्टी मागते: मला आतून स्पर्श कर, आणि मला माझ्या नावाने हाक मार. पहिली मागणी सगळ्यांच्या लक्षात राहते, दुसरी कुणी सांगत नाही.

आता ते नाव आलं कुठून ते बघा. लेकीच्या थडग्यावर अक्षरं कोरून घ्यायला सेथकडे पैसे नव्हते. कोरणाऱ्याला तिने दहा मिनिटं आपलं शरीर दिलं, त्याचा पोरगा बघत असताना, आणि त्या बदल्यात सात इंग्रजी अक्षरं मिळाली. आईने शरीर देऊन नाव विकत घेतलं, लेक शरीर पुढे करून तेच नाव ऐकायला मागते. गुलामीत बाईकडे मोजायला दुसरं नाणंच ठेवलेलं नव्हतं, हे या दोन प्रसंगांत मला दिसतं. आणि पॉल डीचं काय होतं? छातीत हृदयाच्या जागी जणू गंजून बंद झालेली तंबाखूची डबी होती, ती उघडते. ज्यात त्याने शिक्षा म्हणून तोंडात घातलेला लोखंडी लगाम आणि जॉर्जियातल्या कैदेतली साखळी कोंडून ठेवली होती. त्याला लाज वाटते, हे खरं. पण पुढे त्याला असंही आठवतं की तिने आपल्याला खोल समुद्रात कुठेतरी नेलं होतं, जिथले आपण एकेकाळी होतो.

आईला पोखरते, हे मान्य. सेथ वाळत जाते, बिलव्हेड फुगत जाते. पण ही भूक एकट्या लेकराची नाही. तिच्या विरामचिन्हं नसलेल्या प्रकरणात आफ्रिकेतून गुलाम आणणाऱ्या जहाजाच्या तळाशी दाटीवाटीने उकिडवे बसलेले, चेहऱ्यावर मेलेला माणूस घेऊन पडलेले लोक बोलतात.

मंतरून हाकलण्याचा मुद्दा तर चुकीचाच आहे. तीस बायका येतात, त्यांना आणते गावातलीच एला. जिला बापलेकांनी कोंडून ठेवलं होतं आणि जिने त्यातून झालेल्या बाळाला दूध पाजलं नाही. त्या गातात. तेवढ्यात एक गोरा माणूस गाडीतून येतो आणि तो जुना मालकच परत आला असं वाटून सेथ बर्फ फोडायचा टोच्या घेऊन धावते. पहिल्या वेळी तिचा हात लेकीवर चालला होता, या वेळी गोऱ्या माणसावर उगारला जातो. बिलव्हेड नाहीशी होते ती यानंतर.

शेवटच्या पानांवर मॉरिसन सांगतात की तिला काय म्हणायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, तिचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. दगडावर कोरलेला शब्दसुद्धा अंत्यविधीत पाद्र्याने उच्चारलेला होता, ‘लाडकी’ एवढाच त्याचा अर्थ. त्या लेकराचं खरं नाव कादंबरीत कुठेही येत नाही.