कोको युरोपात पिकतच नाही, मग कुंपण कुणासाठी?

'पर्यावरणाच्या नावाखाली श्रीमंत देश स्वतःच्या शेतकऱ्यांभोवती कुंपण घालतायत. गरीब देशांचं कुणी ऐकत नाही, छोटा शेतकरी मरणार.' असा मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. रोख आहे युरोपीय संघाच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी कायद्यावर. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून काढलेल्या जमिनीतला माल तिथे विकता येणार नाही, असं तो सांगतो.

आधी कुंपण. कायद्यात सात गोष्टी आहेत: गुरं, कोको, कॉफी, पाम, रबर, सोयाबीन, लाकूड. कोको, कॉफी, रबर युरोपात पिकतच नाहीत, मग वाचवायचं कुणाला? गुरं-लाकूड तिथलंही आहे, पण त्यालाही हाच कायदा. पामतेलाबद्दल शंका घ्या खुशाल. त्याच्याशी स्पर्धा करणारं मोहरीवर्गीय आणि सूर्यफुलाचं तेल तिथे निघतं.

'कुणी ऐकत नाही' हेही खरं नाही. कोळंबीच्या जाळ्यात अडकणारी समुद्री कासवं वाचवायची म्हणून अमेरिकेनं १९९६ साली बाहेरून येणारी कोळंबी अडवली (शेतमाल नव्हे, पण भांडण हेच). भारत, पाकिस्तान, थायलंड, मलेशिया जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ चा निकाल असा की हेतू रास्त, वागणूक पक्षपाती: कॅरिबियन भागातल्या देशांना तयारीला तीन वर्षं, या चौघांना चार महिने.

राहिला छोटा शेतकरी. इथे मजकुरात दम आहे, फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलंय. पिकाचं शेत चार हेक्टरपर्यंत असेल तर हद्दींचा नकाशा लागत नाही, अक्षांश-रेखांशाचा एक बिंदू पुरतो. तो मोबाइलवरही मिळतो. अडचण त्यापुढची. इथिओपियातला शेतकरी कॉफीची लाल फळं धुलाई केंद्रावर आणून ओततो. तिथे अनेकांची फळं एकाच हौदात पडतात आणि कुठला दाणा कुणाच्या शेतातला, हे कायमचं पुसलं जातं. कायद्याला मात्र त्या मालातलं प्रत्येक शेत हवं. एकाची नोंद राहिली की सगळ्यांचा माल अडकतो. पुरावा सादर करायची जबाबदारी युरोपातल्या आयातदाराची, पण तो गोळा होतो हौदाच्या काठावर, आणि तो गोळा करण्याचे पैसे कोण देणार यावर कायदा गप्प.

त्यात तारखांचा घोळ. अंमल २०२४ अखेर होणार होता, मग २०२५, आता २०२६ अखेर. ज्यांनी शेतं वेळेत मोजून घेतली, त्यांचा खर्च केव्हाच होऊन बसलाय.