मनाला येईल ते द्या

गेल्या रविवारी गेटवे ऑफ इंडियासमोर टळटळीत उन्हात एका डच मुलीने माझ्या वतीने दोनशे रुपये भरले. ही तीच मुलगी, जिने दहा मिनिटं आधी चणेवाल्याशी दहा रुपयांवरून अशी घासाघीस केली होती की आमच्या भाजी मंडईतल्या बायकांनीही मान खाली घालावी. आणि मी कोण, तर डोंबिवलीत स्वतःचा वन बीएचके असलेला (हप्ते चालू आहेत), दरवर्षी इन्कम टॅक्स भरणारा माणूस. घरी अजून सांगितलेलं नाही.

सगळा दोष भाच्याचा. तो युरोप फिरून आला, म्हणजे बारा बेडच्या खोलीत झोपून आणि सुपरमार्केटचा पाव खाऊन आला, आणि तेव्हापासून 'फ्री वॉकिंग टूर' हा त्याचा जप चालू आहे. मामा, तिकीट नसतं, दोन-तीन तास शहर दाखवतात, शेवटी फक्त मनाला येईल ते द्यायचं. फोर्टातही असते म्हणे, त्याने दोघांचं बुकिंग केलं, आणि रविवारी सकाळी पठ्ठ्या उठलाच नाही.

मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण 'मनाला येईल ते द्या' याच्याइतका महाग रेट मराठीत दुसरा नाही. सत्यनारायणाला गुरुजी यथाशक्ती म्हणतात आणि ताम्हनाकडे न बघता बरोब्बर बघतात. वॉचमन दिवाळीची पोस्त मागताना 'तुमच्या खुशीने' म्हणतो आणि वही पुढे करतो, त्या वहीत अख्ख्या बिल्डिंगची खुशी फ्लॅट नंबरसकट लिहिलेली असते, आणि ३०२ वाल्याची खुशी पाचशेची असली की आपली आपोआप तेवढी होते. पाटीवर 'माणशी तीनशे' लिहा ना, मी एक अक्षर न बोलता देईन. पण नाही, रेट मी ठरवायचा आणि वर तो कमी ठरवल्याची लाजही मलाच वाटायची.

असो. साडेनऊला फ्लोरा फाउंटन. अकरा बॅकपॅकवाले आणि मी, छत्री घेऊन. गाइड पोरगं चांगलं होतं, विरारचं, चोवीस-पंचवीसचं, इंग्रजी तुफान. आधी ग्रुप फोटो झाला. मी आपला भांग वगैरे नीट केला. नंतर भाच्याकडून कळलं की युरोपात कित्येक ठिकाणी तो फोटो आठवणीसाठी नसतोच, मुंडकी मोजायला असतो, कारण गाइडला कंपनीला दर डोक्यामागे पैसे भरावे लागतात, टिप मिळो न मिळो. म्हणजे वीस जण आले आणि पंधरा जण शेवटच्या वळणावर गल्लीत सटकले तर गाइडने तीन तास घसा फोडून वर पदरचे घालायचे. आपल्याकडच्या पोराचं काय गणित होतं ते मी विचारलं नाही, विचारलं असतं तर खिशात हात घालायला लागला असता.

तर गाइड सांगतोय की ही रोमन देवता फ्लोरा, फुलांची देवी, कारंजं १८६४ चं, आणि मागून आवाज आला, "आणि ते काय, पोस्टाची पेटी आहे?"

वळून बघतो तर एक काका. पंचाहत्तरीचे, पांढरा हाफ शर्ट, हातात औषधाच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, पायात सँडल. बुकिंग नाही, फोटोत नाहीत, कुठून उगवले देव जाणे. बोट हुतात्मा स्मारकाकडे. शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत, कारंज्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि पोरगं त्यांच्याकडे पाठ करून फुलांच्या देवीबद्दल बोलत होतं.

"अरे बाळा, चौकाचं नाव काय? हुतात्मा चौक. मग आधी हुतात्मे सांग ना. पंचावन्न साली २१ नोव्हेंबरला इथे गोळीबार झालाय. ही सगळी उभी आहेत ना, ह्याच जागेवर." मग माझ्याकडे वळून, "साहेब, तुम्ही मराठीच ना? सांगा ह्यांना इंग्लिशमधे."

आता संयुक्त महाराष्ट्राची चळवळ मी इंग्रजीत कशी सांगणार? दहावीला इतिहासात बेचाळीस मार्क होते. मी म्हणालो, पीपल डाइड हिअर फॉर मराठी स्टेट. एका जर्मन पोराने विचारलं, मग आधी हे कुठल्या स्टेटमधे होतं? बॉम्बे. आणि आता? महाराष्ट्र. आणि शहर? मुंबई, म्हणजे आधीचं बॉम्बे. त्याने मान हलवली, गोंधळलेली. काका मला म्हणाले, "नीट सांगा हो."

इथून पुढे अडीच तास मी काकांचा बिनपगारी दुभाषा. गोदीतून रिटायर झालेले, गिरगावात राहणारे, आणि त्यांना सगळं येत होतं, हीच तर अडचण होती. गाइडने चर्चगेट स्टेशनजवळ चर्च आहे असं काहीसं मोघम सांगितलं तर काका म्हणाले, "स्टेशनचा काय संबंध? किल्ल्याचा दरवाजा होता तो. हे सेंट थॉमस, १७१८ चं, ह्या चर्चकडे येणारा दरवाजा म्हणून चर्चगेट. भिंती पाडल्या साठच्या दशकात." जर्मनाने वहीत १९६० लिहिलं. मी म्हटलं, नो नो, एटीन सिक्स्टी. त्याने खोडलं आणि माझ्याकडेच संशयाने बघितलं.

काळा घोड्याला तर कहर. गाइडने बिनस्वाराच्या घोड्याबद्दल फार सुंदर काहीतरी सांगितलं, स्वातंत्र्य, मुक्ती वगैरे, दोन मुलींनी तर 'वाव' केलं. काका पिशवीतून वेफर्स खात ऐकत होते. मग म्हणाले, "हा २०१७ चा. खरा घोडा राणीबागेत. त्याच्यावर सातवा एडवर्ड बसलाय, पासष्ट साली उचलून नेला. पेंग्विन बघायला जातो ना आपण, तिथेच." मी पेंग्विनसकट भाषांतर केलं. एकदम सगळे खूश! मुंबईत पेंग्विन आहेत ह्या एका बातमीवर अकरा लोकांनी दहा मिनिटं प्रश्न विचारले आणि गाइडच्या मुक्तीचं कोणी नावही काढलं नाही. पोराचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, थोडी मजाही वाटली. इतकी वर्षं ह्याच रस्त्याने ऑफिसला जातोय, ह्या घोड्याखाली वडापाव खाल्लाय, आणि त्याच्याबद्दल मला सांगतंय कोण, तर एक पोरगं इंग्रजीत आणि एक काका वेफर्स खात.

गेटवेला शेवट. गाइड म्हणाला, राजाच्या स्वागतासाठी बांधला. काका तयारच होते, "राजा आला अकरा साली, पायाभरणी तेरा साली, पुरा झाला चोवीस साली. राजाने पुठ्ठ्याचा बघितला." पण आता गाइड हुशार झाला होता, काकांचं वाक्य संपायच्या आत त्याने डोक्यावरची कॅप काढून उलटी धरली आणि आवाज एकदम मवाळ. टूर फ्री आहे, काही सक्ती नाही, तुम्हाला जे योग्य वाटेल ते. गळ्यातल्या आयकार्डाच्या मागे क्यूआर कोड. काय तयारी!

बॅकपॅकवाल्यांनी दोनशे, तीनशे, एकाने पाचशे टाकले. टोपी काकांसमोर आली. मला वाटलं आता काका हळूच निघतील, शेवटी ते कुठल्याच यादीत नव्हते. काकांनी शांतपणे पिशवीतून पाचशेची नोट काढून टोपीत टाकली. मी थक्क. मग त्याच टोपीत हात घालून त्यांनी एक एक करत दोनशेची नोट, दोनशेची नोट, आणि शेवटी पन्नासाची अशी उचलून, दोनदा मोजून पिशवीत ठेवली. "सुट्टे हवे होते," ते गाइडला म्हणाले, "बँक रविवारी बंद असते." गोऱ्यांनी हे सगळं डोळे विस्फारून बघितलं. पण पन्नास दिले की हो माणसाने, कोणी म्हणू शकत नाही दिले नाहीत.

आणि मग टोपी माझ्यापुढे. पाकिटात दहाच्या दोन नोटा आणि गणपतीची तसबीर, कारण गेल्या तीन वर्षांत मी रोख पैसे फक्त फुलवालीला दिलेत. फोन काढला, कोड स्कॅन केला, तीनशे टाकले, पिन टाकला. गोल फिरायला लागलं. फिरतंय. गाइड हसतोय, हसू धरून ठेवलेलं. 'काका, नेटवर्क इश्यू असतो इथे.' मला काका! परत टाकले. परत गोल. गोऱ्यांना वाटलं हा फोनमागे लपतोय, मलाही स्वतःला तसंच वाटायला लागलं. आणि तेव्हा ती डच मुलगी पुढे आली, कमरेच्या पट्ट्यातून दोनशेची नोट काढली, टोपीत ठेवली आणि इतक्या हळू आवाजात, जसं दवाखान्यात बोलतात तसं, म्हणाली, "दिस इज फॉर हिम टू." आणि माझ्या दंडावर थोपटलं.

थोपटलं! शाळेतल्या पोराला थोपटतात तसं.

मी तिला इंग्रजीत समजावणार होतो, पण दिवसभराचं इंग्रजी घोड्यावर आणि पेंग्विनवर संपलं होतं. काका मात्र जोरात म्हणाले, "घ्या, तुमचंही भागलं."

परत येताना मेगाब्लॉक, फास्ट गाड्या स्लोवर. भायखळ्याला फोन दोनदा वाजला. तीनशे डेबिट. तीनशे डेबिट. म्हणजे माझे सहाशे गेले, आणि वर त्या मुलीचे दोनशे मी देणं लागतो, आणि ती आता बहुतेक गोकर्णाला असेल. बँकेच्या हेल्पलाइनवर विचारलं, बाई म्हणाल्या पेमेंट सक्सेसफुल आहे, समोरच्या पार्टीशी बोला. समोरच्या पार्टीला मी काय बोलू, की बाळा, मनाला तीनशेच आलं होतं, उरलेले परत कर? विरारच्या पोराला? अजून नंबर फिरवलेला नाही.

त्याचाच मेसेज आलाय मात्र. थँक यू सो मच सर, पाच स्टार द्या प्लीज. आणि काल हुतात्मा चौकात सिग्नलला काका दिसले, तीच पिशवी. मला बघून रस्ता क्रॉस करून आले. "येत्या रविवारी बाणगंगेला आहे एक ग्रुप," म्हणाले, "मी विचारलंय, फ्रीच आहे. सावलीपण बरी असते तिकडे. तुम्ही या, मला इंग्लिश जमत नाही."

मी हो म्हणून बसलोय. सुट्टे काढून ठेवलेत.