आमदारांसाठी राखीव

आज संध्याकाळी पंढरपूर रोडला स्कूटर बंद करून अर्धा तास उभा होतो. का? तर एका भावी आमदारांचा वाढदिवस! काळ्या काचांच्या चौदा गाड्या (मोजल्या, दुसरं करणार काय), पुढं जेसीबीतून फुलं उधळायची. साहेब अजून ग्रामपंचायतीतसुद्धा निवडून आलेले नाहीत. मागं एसटी अडकलेली, शाळेच्या पोरींनी भरलेली.

एसटी बघितली आणि वडील आठवले. सात-आठ वर्षांचा असेन. सांगोला स्टँडवर गर्दीत घुसून मी सीट धरली. वर लिहिलेलं, आमदारांसाठी राखीव. वडिलांनी दंड धरून उठवलं. "ऊठ, आबासाहेब आले तर?" मला वाटलं चेष्टा करतायत. पण नाही. पंढरपूरपर्यंत आम्ही दोघं उभे.

आता आबासाहेब कोण हे आपल्या लोकांना सांगायला नको, तरी पुण्यातल्या मित्रांसाठी: गणपतराव देशमुख. 1962 पासून सांगोल्यातून अकरा वेळा आमदार. पक्ष एकच, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला पडले, 1999 ला परत. दोनदा मंत्री झाले, तरी एसटीनं फिरणारा माणूस. पडले म्हणून दुसऱ्याच्या दारात गेले नाहीत. आणि हल्ली? सकाळी तिकीट कापलं की दुपारी गळ्यात दुसरा गमछा! लाज कशी वाटत नाही यांना?

विरोधी बाकावर बसल्यानं तालुक्याला पाणी उशिरा मिळालं म्हणतात. असेल. 2024 ला नातू आमदार झाले, म्हणजे घराणं आलंच. तेही मान्य. पण दुष्काळी तालुक्यात सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली, ते कुणी बोलत नाही.

असो. चिडून उपयोग नाही.

एक सांगायचं राहिलं. आमचे वडील पक्के काँग्रेसवाले. आबांना त्यांनी एकदाही मत दिलं नाही. प्रचारात त्यांच्याविरुद्ध घसा बसेपर्यंत ओरडायचे. आणि तरी पोराला त्या सीटवर बसू दिलं नाही. 30 जुलै 2021 ला आबा गेल्याची बातमी आली तेव्हा टीव्ही बंद करून अंगणात जाऊन बसले, बराच वेळ.

आज गाड्या गेल्यावर एसटी शेजारून निघाली, तेव्हा खिडकीतून आत बघितलं. पुढच्या सीटवर पोरींनी दप्तरं रचली होती.