तांब्यातलं लिंबूपाणी कळकतं, त्याचं औषध होत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या फिरणारा निरोप असा: रात्री तांब्याच्या भांड्यात लिंबूपाणी ठेवा, सकाळी उपाशीपोटी प्या. तांबं अँटिऑक्सिडंट, त्यात क जीवनसत्त्व मिसळलं की ताकद दुप्पट. कर्करोगाच्या पेशी मरतात.

‘जंतू मरतात.’ खरं आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मेले आणि लिटरमागे जेमतेम 0.18 मिलिग्रॅम तांबं उतरलं. पण त्या पाण्यात लिंबू नव्हतं.

‘ताकद दुप्पट.’ नेमकं उलट. आंबटाने तांबं जास्त सुटतं. सुटलेलं तांबं क जीवनसत्त्वाकडून इलेक्ट्रॉन घेतं, पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला देतं आणि पुन्हा घ्यायला मोकळं होतं. स्वतः संपत नाही, म्हणून चिमूटभर तांबं पुष्कळ जीवनसत्त्व खातं. वर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणजे अँटिऑक्सिडंट कसलं, हा ऑक्सिडेशनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेण्याचा, उत्प्रेरकच.

पडताळा घ्या. क जीवनसत्त्वाची 500 मिलिग्रॅमची गोळी लिटरभर पाण्यात विरघळवा; अर्धं काचेत, अर्धं तांब्यात रात्रभर ठेवा. सकाळी दोन्हींतून 10 मिली घेऊन चमचाभर भाताची पेज घाला आणि 5 टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन थेंबथेंब सोडा. ताज्या द्रावणाला निळा रंग टिकायला सुमारे 30 थेंब लागतात; तांब्यातल्याला कमी, कारण आयोडीन खाणारं जीवनसत्त्व तिथे कमी उरलेलं असतं. एक गोम आहे: विरघळलेलं तांबं त्याच औषधातल्या आयोडाइडमधून आणखी आयोडीन मोकळं करतं, त्यामुळेही थेंब थोडे कमी भरतात. हे पाणी पिऊ नका.

पुण्यात तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीत हे रसायन कुणाला समजवावं लागत नाही. आंबटाच्या भांड्याला कल्हई हवी, नाहीतर ताक कळकतं. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार तांब्याची कमाल मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम, ती ओलांडत गेलं की मळमळ, उलटी.

‘कर्करोग मरतो.’ धातूच्या अशाच देवाणघेवाणीवर चालणारं औषध आहे: ब्लिओमायसिन लोहाला धरून डीएनए तोडतं. पण ते मोजून, शिरेतून किंवा स्नायूत देतात, आणि फुप्फुसं जपावी लागतात. तांबं पेशीत नेणाऱ्या एलेस्क्लोमोल या कर्करोगावरच्या प्रायोगिक औषधाची मोठी चाचणी 2009 मध्ये थांबवावी लागली. पेल्यातलं तांबं मोकळं गाठीपर्यंत पोचतच नाही. रक्तात ते प्रथिनांना बांधलेलं असतं, जास्तीचं यकृत पित्तातून बाहेर टाकतं. विल्सनच्या आजारात हीच वाट बंद असते. त्या रुग्णाने तांब्यातलं साधं पाणीही टाळावं.