आवडेल तेथे कोठेही

आमच्या घरात बाईने गाव सोडण्याची कारणं ठरलेली आहेत : लग्न, बाळंतपण, दवाखाना, मयत आणि देव. यातला देव सगळ्यात सोयीचा, कारण तो बारा महिने असतो. सासूबाईंनी हे फार लवकर ओळखलं. 2022 च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली आणि नेमकी त्याच वर्षी त्यांची पंचाहत्तरी झाली. तेव्हापासून आधार कार्ड कमरेच्या पिशवीत. गोंदवले, औदुंबर, नरसोबाची वाडी, पंढरपूर. 'देवाला जाऊन येते' म्हटलं की त्यांना कोणी 'कशाला' असं विचारत नाही.

एकदा त्यांनाच सातारा स्टँडवर सोडायला गेले होते. गाडी लागायची होती. पाट्या वाचणं ही मास्तरकीची खोड, त्यामुळे वाचत उभी राहिले, आणि एका पाटीपाशी अडकले. 'आवडेल तेथे कोठेही प्रवास'. चार दिवसांचा पास, सात दिवसांचा पास. घरी येऊन चौकशी केली, तर ही योजना 1988 पासून चालू आहे. माझं लग्न 1989 चं. म्हणजे मी बोहल्यावर चढायच्या आधीपासून महामंडळ मला सांगत होतं, की बाई, आवडेल तिथे जा. मीच फलाट शोधण्याच्या गडबडीत होते.

मी प्रवास केला नाही असं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं काढली आणि दर हिवाळ्यात सहल काढली. प्रतापगड अकरा वेळा बघितला. बघितला म्हणजे मुलं मोजली. चढताना बेचाळीस, उतरताना एक्केचाळीस, मग एक जण बुरुजामागे बोरं खाताना सापडायचा. अफजलखानाला गड बघायला जेवढी फुरसत मिळाली, तेवढीही मला मिळाली नाही.

निवृत्त झाल्यावर सहा महिने घरात बसून पाहिलं. मग एका रात्री जेवताना जाहीर केलं, "मी चार दिवस फिरायला जाणार आहे."

"कुणाबरोबर?" ह्यांनी विचारलं.

"कुणाबरोबर नाही."

"मग कुणाकडे?"

"कुणाकडे नाही."

"मग कशाला?"

"सहज."

ह्यांचा भाकरी मोडणारा हात थांबला. आमच्याकडे 'सहज' हा शब्द फक्त फोनवर वापरतात, तोही उसने पैसे मागायच्या आधी.

ह्यांची नोकरी बँकेतली. धक्का पचवायला ते आधी हिशेब करतात. पान उचलायच्या आत त्यांनी कॅल्क्युलेटर आणला. "2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे. तू पास काढलास तर उलट तोटा. साध्या गाडीने अर्ध्या तिकिटात गेलीस तर..."

"मला पास पैशासाठी नकोच. त्याच्यावरच्या ओळीसाठी हवाय."

"मग पाटीचा फोटो काढून आण," ते म्हणाले. अगदी गंभीरपणे.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन. आवाज खाली आणून म्हणाला, "आई, तुझं आणि बाबांचं काही झालंय का?" नणंदेने तर थेट बीपी तपासून घ्यायला सांगितलं. फक्त सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या वाती वळत होत्या.

घरच्यांची समजूत एकवेळ घालता येते, पण खरी पंचाईत पुढे होती. आवडेल तिथे जायचं तर आवडतं काय ते माहीत हवं. वही घेऊन बसले. लिहिलं : 'समुद्र'. पुढे 'आणि' लिहिलं आणि अर्धा तास तशीच बसले. ह्यांना काय आवडतं, मुलाला काय चालत नाही, सासूबाईंना कुठली भाजी वातुळ पडते, यावर मी वही भरून दिली असती. शेवटी 'आणि' खोडलं.

पहिल्या दिवशी पासाच्या खिडकीवर गेले. आतल्याने विचारलं, "कुठं जायचंय, मॅडम?" मी म्हटलं, "तेच अजून नक्की नाही." तो म्हणाला, "मग मागच्यांना येऊ द्या." मी मागच्यांना येऊ दिलं, त्यांच्या मागच्यांनाही येऊ दिलं आणि अर्धा किलो गवार घेऊन घरी आले. दुसऱ्या खेपेला न विचारताच "चार दिवस, साधी" असं एका दमात सांगून टाकलं. घरी येईपर्यंत पर्समधला पास तीनदा चाचपला.

जानेवारीतल्या एका पहाटे निघाले. निघताना सवयीने पाव किलो कंदी पेढे घेतले. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हे हाडात मुरलेलं. कुणाच्याच घरी जायचं नाही, हे मेढ्याच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं.

महाबळेश्वरला गाडी बदलली आणि आंबेनळी घाटात शेजारच्या बाईंनी पहिला चेंडू टाकला. "एकट्याच?"

हो म्हणायचं, की संपलं. पण माझ्या तोंडून आलं, "बहिणीकडे चाललेय. दापोलीला."

"अगंबाई! मी दापोलीचीच. कुठल्या आळीत?"

मला सख्खी, चुलत, मावस अशी एकही बहीण नाही. पोलादपूर येईपर्यंत मी त्या बहिणीला कृषी विद्यापीठात नोकरी दिली, तिच्या नवऱ्याची बदली केली, तिला गुडघेदुखी लावली. बाई खोलात शिरतायत म्हटल्यावर ती नुकतीच खेडला राहायला गेली असंही सांगितलं. पोलादपूरहून पुढच्या गाडीतही बाई शेजारीच. खेड आलं तशी त्या म्हणाल्या, "अहो, मग उतरा की इथंच!" उतरले. काय करणार? त्यांनी खिडकीतून हात हलवला, मीही पेढ्यांचा पुडा हलवला आणि तासाभराने मागच्या गाडीने दापोली गाठली.

या भानगडीत एक गोष्ट मात्र घडली होती. घाटाच्या एका वळणावर पलीकडे प्रतापगड उभा दिसला, उन्हात, अख्खा. मी सवयीने गाडीतली डोकी मोजायला लागले होते. एकोणीसला थांबले आणि गड बघितला.

दापोलीच्या लॉजवर मुलाने विचारलं, "किती जण?" "एक." त्याने माझ्या मागे दरवाज्याकडे पाहिलं. "बाकीचे गाडी लावतायत का?"

आता फोनची गोष्ट. माझा अंदाज होता, की मी मेढ्याला पोचायच्या आत घरून फोन येईल. डाळीचा डबा कुठला, गिझरचं बटण कुठलं. मेढा गेलं, महाबळेश्वर गेलं, खेड गेलं. फोन नाही. रात्री मीच लावला.

"दूध तापवलंत?"

"हो."

"आईंच्या गोळ्या?"

"दिल्या."

"जेवलात काय?"

"आईने पिठलं केलं होतं. झकास झालेलं."

छत्तीस वर्षं मी ज्या घराला क्षणभर नजरेआड होऊ दिलं नाही, ते पिठलं खाऊन ढेकर देत होतं. फार अपमान वाटला. पुड्यातले दोन पेढे खाल्ले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी हर्णैच्या बंदरावरून सुवर्णदुर्ग पाहिला आणि दाभोळला आले. तिथून धोपाव्याला फेरीबोट. बोट काही महामंडळाची नाही हे मला कळत होतं, तरी तिकीटवाल्याला एकदा पास दाखवून पाहिला. त्याने तो उलटसुलट वाचला. "आवडेल तिथे, पण रस्त्याने," म्हणाला आणि तिकीट फाडलं.

गुहागरला पोचले तेव्हा ऊन कललं होतं. सुरूच्या बनातून बाहेर आले, तर समोर लांबच लांब मऊ वाळू आणि माणसं मोजायची म्हटलं तरी चार. बसले. दहा मिनिटं छान गेली. अकराव्या मिनिटाला हात काहीतरी निवडायला शोधू लागले. मेथी असती तर बरं झालं असतं असं खरोखर मनात आलं. वाळूतले शिंपले गोळा केले, त्यांचे लहान-मोठे ढीग लावले, मग ते ढीग आपणच मोडले. त्यानंतर कधीतरी हात गप्प झाले.

डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई किनाऱ्याने चालली होती. थांबली. "एकटीच बसलीस? कशाला आलीस गो?"

दापोलीची बहीण जिभेच्या टोकावर आली होती. गिळली. "सहज," म्हटलं.

"बरा केलंस," ती म्हणाली. पाटी खाली ठेवून दोन मिनिटं टेकली. मी पुडा पुढे केला, तिने एक पेढा तोंडात टाकला, एक पदरात बांधला आणि गेली. एवढंच. मला वाटलं होतं, निदान पुढचा प्रश्न तरी येईल.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून, पाटण, कराड करत चौथ्या दिवशी रात्री घरी आले. ह्यांनी आधी पास मागून घेतला, गावं विचारली आणि कॅल्क्युलेटर काढला. तोटाच निघाला. तो आकडा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

झोपायच्या आधी सासूबाई माझ्या खोलीत आल्या. पिठल्यावरून काही बोलतील म्हणून मी तयारीत होते.

"समुद्र कसा असतो गं?"

मी बघतच राहिले. इतके देव झाले, पण सगळे नदीकाठचे. समुद्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मला जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जरा वेळ कमरेची पिशवी चाचपली.

"गुहागरात देव कुठला?"

"व्याडेश्वर. महादेवाचं आहे, मोठं देऊळ."

"देवळापासून तो समुद्र लांब आहे का?"

"पाच-दहा मिनिटं. मागेच आहे."

"मग उद्या ह्याला सांग," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "आईला स्वप्नात पिंड दिसली."