वीस मोजून दाखवा

फिजिक्सच्या लॅबमधे सगळ्यात शहाणी वस्तू कुठली असेल तर ती स्प्रिंग. वजन अडकवा, थोडं खाली ओढा, सोडा, बाई इमानेइतबारे वर-खाली करत राहते. घोळ सगळा मोजणाऱ्यांचा.

या वर-खाली होण्याच्या वेळेवरून स्प्रिंगचा कडकपणा, म्हणजे k, काढायचा असतो. एकाच ऑसिलेशनचा, म्हणजे वर-खालीच्या एका फेरीचा, वेळ घेण्यात अर्थ नसतो, कारण बटण दाबेपर्यंतच माणसाचा पाव सेकंद गेलेला असतो, म्हणून वीस मोजायची आणि वीसने भागायचं, म्हणजे आपला आळसही वीसने भागला जातो. कागदावर झकास! पण मीटरभर ताणायला २५ न्यूटन जोर लागेल एवढ्या k ची स्प्रिंग आणि २५० ग्रॅम वजन असलं की एक फेरी ०.६३ सेकंदात आटपते, तेवढ्यात तोंडाने "एकोणीस" म्हणून दाखवा बरं. दहापर्यंत सगळं सुरळीत, पुढे जीभ मागे आणि स्प्रिंग पुढे. त्यात माझा पार्टनर वजन सोडतानाच "एक" म्हणायचा. अरे बाबा, शून्य म्हण ना! वेळ एकोणीस फेऱ्यांचा, भागायचं वीसने, की k बसल्याजागी दहा टक्क्यांनी गुबगुबीत.

बरं हे जमेपर्यंत वजन आडवं झुलायला लागतं. सर लांबूनच ओरडणार, "नीट सोड!" आता वजनामुळे स्प्रिंग जेवढी लांबते ते लटकलेल्या एकूण लांबीच्या साधारण पाव असला की वर-खालीची फ्रीक्वेन्सी झुलण्याच्या दुप्पट होते आणि एनर्जी आपोआप तिकडे पळते, मग कितीही नीट सोडा. वजन थोडं बदललं की भागतं, पण सरांना हे समजावण्यापेक्षा "हो सर" सोपं पडतं.

स्प्रिंग जोराच्या प्रमाणात ताणली जाते हा नियम रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७६ मधे अक्षरांची खिचडी करून छापला होता, कोणी ढापू नये म्हणून, आणि उत्तर दिलं १६७८ मधे. आमच्या रीडिंगांत लपवला असता तर अजून कोणाला सापडला नसता.

शेवटी T² (एका फेरीच्या वेळेचा वर्ग) आणि वजनाचा ग्राफ. रेघ सरळ आली पण शून्यातून जाईना, कारण स्प्रिंगचं स्वतःचं एक तृतीयांश वजनही हलत असतं. पार्टनर खोडरबर घेऊन तयारच, "वजन शून्य तर वेळ शून्य, ओढ तिला खाली." नाही ओढली. उतारावरून k काढला, बरा आला, इतका बरा की शेजारच्या टेबलाने तो जसाच्या तसा उतरवून घेतला, आणि त्यांची स्प्रिंग आमच्यापेक्षा दुप्पट जाड होती.