पेटी चालते, मग सिनेमाची चाल का नाही?

सणांचा हंगाम आला की बेळगावात आणि आसपासच्या गावांत लोकगीत स्पर्धा सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग खरं लोकगीत कशाला म्हणायचं, हा जुना वादही. यंदा आमच्या भागातल्या एका स्पर्धेत भजनी मंडळाच्या बायकांना बाद केलं. का? तर गौळणीची चाल सिनेमातली. बक्षीस मिळालं फेटे बांधून, तयार ट्रॅकवर ‘पारंपरिक’ गाणाऱ्या पोरांना.

मला हा निकाल उलटा वाटतो.

आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने १९५४ साली ब्राझीलमधल्या साओ पावलोत लोकसंगीताची एक व्याख्या मान्य केली. सातत्य, बदल आणि समाजाने केलेली निवड, या तीन गोष्टी तिच्या मुळाशी आहेत. एखाद्या माणसाने रचलेलं गाणंही तिला चालतं, फक्त ते लोकांच्या तोंडी मुरायला हवं. तयार गाणं उचलून जसंच्या तसं म्हटलं, तर मात्र नाही. त्या बायकांनी सिनेमाची चाल ठाय, म्हणजे संथ लयीत आणून टाळावर बसवली होती, मधे स्वतःची दोन कडवी घातली होती. आणि ट्रॅकवरची पोरं? एक मात्रा इकडची तिकडे करायची सोय नाही.

‘लोकगीताचा कर्ता अज्ञात हवा’ म्हणणाऱ्यांनी गोकाककडचं श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड नाट्य आठवावं. त्याच्या रचनेशी कुलगोड तम्मण्णांचं नाव सगळे जोडतात, कौजलगी निंगम्मांनी ते गाजवलं, तरी त्याला लोकनाट्य म्हणायला कुणी कचरत नाही. त्यात पेटीही वाजते. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमधलं, १८४२ चं! आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्यातल्या लोकधुनांमधून राग उभे केले, त्याचं आपण तोंड भरून कौतुक करतो. बायकांनी सिनेमाकडून घेतलं की लगेच विटाळ.

भाषेचं सोवळं तर विचारूच नका. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जा. चौंडकं काखेत, तुणतुणं शेजारी, जोगतीण, म्हणजे देवीची पदं गाणारी भक्तीण, एक पद मराठीत म्हणते, पुढचं कन्नडमध्ये, समोर कोण बसलंय ते बघून. ‘उदं गं आई उदं’ला सगळेच साथ देतात. आपल्या स्पर्धेच्या फॉर्मवर मात्र भाषेच्या एकाच रकान्यात खूण करायची. ती बाई कुठे करणार?

आयोजकांनी चालीचं मूळ शोधणं सोडावं. गाणं कुणाकडून शिकलात आणि त्यात तुमचं काय घातलंत, एवढंच विचारावं. आणि परीक्षकांत एखादी जोगतीण बसवा की! मानधन आम्ही वर्गणी काढून देतो.